टेबलापाशी एकच माणूस

सुट्टीच्या दिवशी राग आला की काटेवाली काहीतरी दुरुस्त करायला घ्यायची. आठवडाभर तो राग दुकानदारांच्या वाट्याला जायचा. बाजारातले वजनकाटे तपासून त्यांना सील ठोकायचं ही तिची नोकरी, आणि तिच्या तोंडाला लागण्यापेक्षा नवा काटा घेतलेला बरा, असं अर्ध्या बाजाराचं मत होतं. तिचं खरं नाव तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. घरी मात्र भांडायला आई एकटीच, आणि आईशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. म्हणून मग मिक्सर, नळ, दाराच्या बिजागऱ्या.

आजचा राग काकांवर होता. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, परवानाधारक इलेक्ट्रिशियन. निम्म्या वस्तीच्या भिंतींत त्यांच्याच हातच्या तारा होत्या. त्यांनी सकाळी आईला फोन करून सांगितलं, की घराचं वायरिंग नव्याने करून देतो, सुरुवात मागच्या खोलीपासून, दुपारी येतो, तोवर त्या टेबलावरचं भंगार बाहेर काढून ठेवा. आईने बरं म्हणून फोन ठेवला. मुलीला विचारलंसुद्धा नाही.

"भंगार नाहीये ते," काटेवाली म्हणाली.

"मग काय आहे? त्याच्यापायी माणूस गेला."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. ते टेबल बाबांचं होतं. बाबा छापखान्यात अक्षरं जुळवायचे आणि उरलेला सगळा वेळ मागच्या खोलीत जुने रेडिओ दुरुस्त करायचे. त्याच टेबलापाशी, आईच्या माहेरचा रेडिओ दुरुस्त करताना, शॉक बसून ते गेले. त्याला आता इतकी वर्षं झाली होती की काटेवालीच्याही केसांत पांढरं दिसू लागलं होतं, पण आईचा राग जसाच्या तसा होता. बाहेरच्या खोलीत फोटोसाठी खिळा ठोकलेला होता आणि फोटो कपाटात पालथा पडलेला. हलगर्जी माणूस, ती म्हणायची, स्वतःच्या हाताने मेला आणि मला टाकून गेला. कुणी त्यांच्याबद्दल चार शब्द बरे बोललं की ती उठून आत जायची. काटेवालीला हे सहन व्हायचं नाही, आणि आईचं म्हणणं खोडूनही काढता यायचं नाही. आई आता थकली होती. असाच राग मनात धरून ती एक दिवस जाणार, आणि मग तो खिळा कायमचा रिकामा राहणार, हे काटेवालीच्या जिवाला लागून राहिलं होतं.

तिने ठरवलं, की काका यायच्या आत तो रेडिओ चालू करून दाखवायचा. नुसता हट्ट होता तो, दुसरं काही नाही.

मागच्या खोलीचं दार फुगलं होतं, खांद्याने रेटावं लागलं. पूर्वी ही धुणं धुवायची जागा होती. फरशी अजून ओल धरून होती, कोपऱ्यात लोखंडी पाइपाचा नळ होता आणि खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. दाराजवळच टेबल, टेबलावर पाठ उघडी पडलेला रेडिओ. शेजारी एका लाकडी फळीवर स्क्रूने बसवलेले दोन ट्रान्सफॉर्मर, जुन्या बॅटरी चार्जरमधून काढलेले, अगदी जुळे.

आईच्या माहेरचा रेडिओ जुन्या स्वस्त पद्धतीचा होता. भिंतीतली तार थेट त्याच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली, म्हणजे सांगाड्याला हात लावणं हे भिंतीतल्या तारेलाच हात लावण्यासारखं. त्यावर बाबांनी हा घरगुती उपाय केला होता. पहिला ट्रान्सफॉर्मर भिंतीतली वीज घेऊन तिला मवाळ करायचा. दुसरा उलटा जोडलेला, तो त्या मवाळ विजेला पुन्हा पहिल्याइतकं चढवायचा. मधे कुठेही तारेला तार चिकटत नव्हती, त्यामुळे पलीकडे निघणाऱ्या विजेचा जमिनीशी संबंधच उरायचा नाही. "ही वीज पोरकी आहे," बाबा म्हणायचे, "हिला जमीन ओळखत नाही. एका तारेला हात लावलास तर ती तुझ्यातून जाऊन जाणार कुठे?"

दोन्ही तारांना एकदम हात लागला तर मात्र खेळ खलास. म्हणून डावा हात कायम खिशात. आणि दुसरा नियम त्याहून कडक होता: टेबलापाशी एकच माणूस. एकाने एक तार धरली आणि दुसऱ्याने दुसरी, तर दोघांच्या पायांतून, जमिनीवाटे, विजेला रस्ता मिळतो आणि मग ती दोघांनाही सोडत नाही. फळीवरचा लाल दिवा लागलेला असला की लहानपणी तिला उंबरठ्याच्या आत यायची बंदी होती. तिने पाऊल पुढे टाकलंच, तर एक हात कामात आणि एक खिशात असलेले बाबा हनुवटी वर उडवून तिला मागे सारायचे. आई तर त्या खोलीकडे फिरकतच नसे; तारांना कथलाचा डाग द्यायच्या धुराने तिला ठसका लागायचा.

आणि असा माणूस दोन्ही हात रेडिओत घालून मेला. काकांनीच पाहिलं होतं. ते त्या दिवशी घरी आलेले होते. धप्प आवाज ऐकून तेच आधी धावले, त्यांनीच बाबांना ओढून खाली झोपवलं. दोन्ही हात आत होते वहिनी, त्यांनी आईला सांगितलं, किती वेळा म्हटलं होतं मी या नादाला लागू नकोस म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. काटेवालीला बाबांचा संताप यायचा तो याचाच. पोरीला उंबरठ्यावर उभं करायचं, आणि स्वतः मात्र दोन्ही हात घालायचे.

तिने फळी ओल्या फडक्याने पुसली. जिथून रेडिओला वीज जायची त्या दोन स्क्रूंवर बाबांनी लाल लाख ओतून ठेवली होती, तिथे कुणी दुसरी तार जोडू नये म्हणून. गरम लाखेवर अंगठा दाबताना त्यांनी हासडलेली शिवीही तिला आठवली. सांगाड्याकडे जाणाऱ्या डाव्या स्क्रूवर अंगठ्याचा ठसा अजून स्पष्ट होता. उजव्यावर ठसा नव्हता. तिथली लाख गुळगुळीत होती आणि कडेने करपून काळी पडली होती.

हे सील एकदा फोडून, पुन्हा वितळवून बसवलेलं होतं. ते ओळखायला तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. बाजारात असं दिसलं असतं तर तिने दुकानाला टाळं ठोकलं असतं. इथे मात्र बाबांनीच कधीतरी काही बदललं असेल म्हणून तिने ते सोडून दिलं. फळीच्या सगळ्या तारा, सगळे जोड मीटरने तपासले. मग दाराच्या चौकटीशेजारचा खटका दाबला.

लाल दिवा लागला. ट्रान्सफॉर्मर बारीक आवाजात घुमू लागले. तिचा डावा हात आपसूक खिशात गेला. बाबा कामाला हात घालण्याआधी बोटांच्या मागच्या बाजूने सांगाड्याला दोनदा शिवून बघायचे, टक, टक. तसं केलं की झटका बसलाच तरी हात मागे उडतो, लोखंडाला चिकटून राहत नाही. तिनेही तसंच केलं. काही झालं नाही. मग तिने तळहात टेकवला. थंड लोखंड, बाकी काही नाही.

रेडिओतला फुगलेला एक कंडेन्सर बदलून झाला. दुसऱ्याला हात घातला, तेव्हा बोटाला मुंगी चावल्यासारखं झालं. तिने हात काढला, टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लुकलुकला आणि विझला.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पोरक्या तारेवर टेस्टर आणि मीटर दोन्ही थापा मारतात, हे बाबांनीच शिकवलं होतं. हवेतून, शेजारच्या तारांतून थोडं काहीतरी पाझरतं आणि मीटर त्याचाच गाजावाजा करतो. खरंखोटं करायचं तर झिरोचा बल्ब लावायचा. बल्बला पेटायला खरा करंट लागतो, तिथे थापा चालत नाहीत. तिने सांगाड्याला एक तार जोडली, दुसरी कोपऱ्यातल्या नळाच्या पाइपाला, आणि मधे बल्ब.

बल्ब पेटला नाही. तिने समाधानाने मान हलवली आणि पकड उचलली.

तेवढ्यात बल्ब पेटला. विझला. पुन्हा पेटला, विझला.

ती उभी राहिली. खटका बंद केला, टेबल ओढून मागे बघितलं, खाली वाकून बघितलं. तारा सुट्या होत्या, कुठे ओल नव्हती, कुठे उंदराने कुरतडलेलं नव्हतं. पुन्हा मीटर लावला. फळी निर्दोष होती. खटका पुन्हा चालू केला आणि हात मागे घेऊन उभी राहिली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बल्ब दोनदा पेटला. भर दुपारच्या उन्हातही पिवळा उजेड भिंतीवर दिसला. टक, टक.

सांगाड्यातून नळाकडे करंट जायचा, तर त्याला परत यायला रस्ता हवा. तो एकाच प्रकारे मिळू शकत होता. सांगाड्याच्या नव्हे, त्या दुसऱ्या तारेला कुणीतरी हात लावत होतं, जमिनीवर उभं राहून, बोटांच्या मागच्या बाजूने. टेबलाच्या पलीकडच्या अंगाला मोकळी फरशी होती आणि तिच्यावर खिडकीचं ऊन पडलं होतं.

तिने मनात हिशेब केला, कारण हिशेब करणं हाच तिचा आधार होता. झिरोचा बल्ब असा पेटायला जेवढा करंट लागतो, तेवढा छातीतून गेला तर माणूस वाचत नाही. म्हणजे ती तार ज्याने धरली असेल, तो जिवंत असणं शक्य नव्हतं.

भीती वाटली की तिला राग यायचा. "दोनदा बघून काय उपयोग आता," ती रिकाम्या जागेला म्हणाली. "तेव्हा बघायचं होतं."

बल्ब विझलेलाच राहिला.

बाहेर आईचा आवाज आला, मग काकांचा. काका पॅसेजमध्ये बूट काढून, तोंडाने नव्या वायरिंगचं वर्णन करत आत आले आणि दारात थबकले. साठी उलटली तरी मनगटं जाडजूड होती. लाल दिवा बघून त्यांचं बोलणं तुटलं.

"बंद कर ते आधी."

तिने सांगितलं, की व्यवस्थित चालू आहे, स्वतः हात लावून बघितला. पण काका रेडिओकडे बघतच नव्हते. ते फळीकडे बघत होते, उजव्या स्क्रूकडे.

ज्याच्या मनात खोट असते तो दुकानदार काट्याकडे कधी बघत नाही, सीलकडे बघतो. उभा जन्म तिने हीच नजर पकडण्यात घालवला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उजव्या स्क्रूची लाख कुणी फोडली, काका?"

"कसली लाख?"

"तुम्ही बघताय ती."

काका आधी हसले. मग चिडले. मग, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशा, तिलाच सुनावायला लागले. अर्थिंग नसलेली लाइन कुणी शहाणा माणूस ठेवतो का? लटकती वीज घरात ठेवायची म्हणजे काय? कुठल्याही घरात त्यांनी हेच केलं असतं. दादा आंघोळीला गेला होता, हिरव्या तारेचा वीतभर तुकडा, एक टोक या स्क्रूला, एक अर्थिंगला. त्याच्या भल्यासाठीच केलं होतं. सांगितलं असतं तर त्याने उपटून फेकली असती.

एवढं बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

काटेवालीला सगळं लख्ख दिसलं. बाबांनी आंघोळीआधी तपासलं असणार, टक, टक. आंघोळीहून येईपर्यंत काकांनी त्या पोरक्या विजेला उजव्या तारेतून जमीन दाखवून दिली होती; आता सांगाडा धरणाऱ्याच्या पायांतून तिला रस्ता होता. ओल्या पायांनी बाबा परत आले, आणि आत्ताच तर बघितलं होतं म्हणून त्यांनी सरळ सांगाडा धरला.

"एकच हात होता ना त्यांचा?" तिने विचारलं. "दुसरा खिशात होता."

काकांनी मान वळवून पॅसेजकडे बघितलं.

"आईला सांगा. आत्ता."

"काय सांगू? गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? मला रोज चार घरांत जायचं असतं, पोरी. लोक मला चाव्या देऊन जातात." ते टेबलाकडे सरकले. आवाज पुन्हा चढला होता. "आणि तुझ्याकडे आहे काय? ही लाख? हे सगळं आत्ताच उचलून नेतो मी." आणि त्यांनी रेडिओचा सांगाडा उजव्या हाताने घट्ट धरला. काही होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

काही झालंही नाही. त्यांनी रेडिओ थोडासा उचलला.

बल्ब दोनदा पेटला.

मग काकांचा दंड ताठ झाला. बोटं सांगाड्यावर आवळली गेली आणि रेडिओ टेबलावर आपटला. त्यांनी हात ओढायचा प्रयत्न केला. हात आला नाही.

खटका काटेवालीच्या हाताशी होता. तिचं बोट त्याच्यावर होतं. खरं सांगायचं तर तिला तो दाबावासा वाटला नाही.

काका तिच्याकडे बघत नव्हते. ते टेबलाच्या पलीकडे बघत होते, उन्हात, आणि त्यांचे दात वाजत होते.

"दादा," ते म्हणाले. "सोड."

बल्ब मंद झाला, पण विझला नाही.

"मी लावली होती तार. नंतर मीच काढली. तुझा हात खिशातून मीच ओढला, दादा. सोड मला."

हात सुटला. ते मागे भिंतीवर आदळले आणि तिथून तसेच, उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आईच्या अंगावरून बाहेर गेले. पुढचं दार वाजलं. त्यांचे बूट पॅसेजमध्येच राहिले.

आईने सगळं ऐकलं होतं. ती चौकटीला धरून उभी होती आणि तिचा चेहरा रागाने लालबुंद झाला होता.

"त्याचा खिसा उसवलेला होता," ती म्हणाली. "डावा. आदल्याच दिवशी शिवला होता मी. मला वाटलं, ओढाओढीत फाटला असेल." मग ती म्हणाली, "इतकी वर्षं मी शिव्या घातल्या त्याला. रेडिओ मीच दुरुस्त करायला सांगितला होता, आणि शिव्याही मीच घातल्या."

काटेवालीने तिचा खांदा धरला. आईने तो सोडवून घेतला आणि आत पाऊल टाकलं. अनवाणी पायांनी ती त्या ओलसर फरशीवरून टेबलापाशी गेली.

"तू बाहेर थांब," ती म्हणाली. "इथे एकच माणूस."

काटेवाली उंबरठ्याबाहेर झाली. का झाली, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

आईने डावा हात गाउनच्या खिशात घातला. उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू सांगाड्याला लावली, दोनदा.

बल्बने दोनदा उत्तर दिलं.

"सांगता येत नव्हतं होय तुला?" आई म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. एवढ्या वर्षांत ती त्यांच्याशी इतकं कधी बोलली नव्हती. मूर्ख माणूस, ती म्हणाली, भावावर भरवसा ठेवलास, पुन्हा एकदा शिवून बघायला काय झालं होतं, मला एकटीला टाकलंस, रोज एकटीने चहा प्यायले मी. बोलता बोलता तिने तळहात सांगाड्यावर ठेवला.

बल्ब पेटला आणि पेटलेलाच राहिला.

"आई, हात काढ."

"सोडत नाहीये तो," आई म्हणाली. तिचा आवाज आता शांत होता. "आणि मी सोड म्हणणार नाहीये."

काटेवालीने चौकटीजवळचा खटका बंद केला.

फळीवरचा लाल दिवा विझला. ट्रान्सफॉर्मरची घुमघुम थांबली. बल्ब तसाच पेटलेला होता.

तिने उंबरठा ओलांडायला पाऊल उचललं. आईने मान वळवली. एक हात खिशात, एक सांगाड्यावर. तिने हनुवटी वर उडवली आणि लेकीला मागे सारलं.